गोल न केलेलं वाक्य

"नाव विचारायचं, चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी पुस्तकात घालायची आणि पुस्तक सरांच्या पुढं सरकवायचं. बाकी गप्पा मारायच्या नाहीत," आवटीकाका म्हणाले. "आणि जोडाक्षरं नीट काढ. गेल्या वर्षी त्या पाहुण्यांनी 'प्रज्ञा'चं काहीतरी भलतंच केलं, बाई रडकुंडीला आली होती."

"काका, मी तीन वर्षं हेच करतेय."

"म्हणून तर तुला बसवलं. पण आज सकाळपासनं तू चारदा उठलीस. बस की एका जागी."

मी बसले. पिशवी खुर्चीच्या पायाशी ठेवली. लगेच उचलून परत मांडीवर घेतली.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. सांगलीत आमच्या वाचनालयाचा पुस्तक महोत्सव दर फेब्रुवारीत एका शाळेच्या मैदानावर भरायचा. तीन दिवस, तीस-पस्तीस स्टॉल, मधे एक मांडव. आवटीकाका वाचनालयाचे कार्यवाह. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते आणि महोत्सवात सह्यांचं टेबल सांभाळायचे. त्या रविवारी सकाळी सदानंद येडूरकरांचं भाषण झालं होतं, आता सह्या होत्या, आणि चार वाजता त्याच मांडवात 'लेखकाला विचारा' हा कार्यक्रम होता.

चार वाजता मी उभी राहणार होते. माझ्या पिशवीत एक कागद होता. तो सगळ्यांसमोर धरून मी येडूरकरांना विचारणार होते, की तुमच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबरीतलं सगळ्यात गाजलेलं वाक्य तुमचं नाही, माझ्या आईचं आहे. हे तुम्ही छत्तीस वर्षं का लपवलंत?

आई जाऊन पाच आठवडे झाले होते.

येडूरकर आले. एकोणऐंशी वर्षांचे, अंगानं किरकोळ, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. खुर्ची आधी हातानं हलवून पाहिली.

"मोडकी नाही ना? मागच्या गावी मोडकी होती. मी पडलो तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, भाषण सुरू झालं."

रांग हसली. मी हसले नाही. पहिलं पुस्तक पुढे आलं.

"सुनेच्या नावानं करा," एक बाई म्हणाल्या.

"नाव सांगा," मी म्हणाले.

"माहेरचं सांगू का आम्ही ठेवलेलं?"

येडूरकरांनी मान वर केली. "तिला कुठलं आवडतं?"

"ते विचारलंच नाही वो कधी." बाई एकदम गोऱ्यामोऱ्या झाल्या आणि बाजूला होऊन फोन लावायला लागल्या.

मागच्या गृहस्थांना नुसती सही नको होती. "सर, दोन ओळी लिहा की."

"अहो, दोन ओळी सुचल्या असत्या तर नवं पुस्तक आलं नसतं का?"

त्यांची एक सवय होती. चिठ्ठीवर बाईचं नाव दिसलं की मान वर न करता विचारायचे, "सौ. की श्रीमती?" मी सांगायचे, ते लिहायचे. त्यांचं अक्षर मी तिरक्या नजरेनं बघत होते. 'ह'चा शेपटा खाली ओढून डावीकडे वळवायची लकब तीच होती. कागदावरच्यासारखी.

रांगेत सातवे का आठवे प्राध्यापक कुन्नूरे आले. शहरातल्या प्रत्येक कार्यक्रमात पहिला प्रश्न त्यांचा असायचा.

"सर, माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण अख्खं तुमच्या शेवटच्या वाक्यावर आहे. बासष्ट पानं."

"एका वाक्यावर बासष्ट पानं?" येडूरकर म्हणाले. "मग आता माझ्याकडून काय हवंय?"

"चारच्या कार्यक्रमात विचारणारच आहे मी. ते वाक्य नक्की कोण म्हणतं? आज सोडणार नाही तुम्हाला."

"तेव्हाचं तेव्हा," येडूरकर म्हणाले आणि सही करून पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

कादंबरीचं नाव 'सातवं पेव'. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची पेवं असत, जमिनीच्या पोटात खणलेल्या, घागरीसारख्या आकाराच्या खोल कोठ्या. बरेच दिवस बंद असलेलं पेव उघडलं की आत हवा नसते. आधी कंदील सोडतात, तो विझला नाही तरच माणूस उतरतो. कादंबरीच्या शेवटच्या पानावर म्हातारा मलाप्पा कंदील न सोडताच खाली उतरतो. वर त्याची बायको गंगव्वा दोर धरून उभी असते. आणि मग अगदी तळाशी एकच ओळ येते. अवतरणचिन्ह नाही, म्हणाला नाही, म्हणाली नाही.

मी थांबू का?

कोण विचारतं, काही कळत नाही. खाली गुदमरणारा मलाप्पा, आता संपवू का म्हणून? की वर दोर धरलेली गंगव्वा, वाट बघू का म्हणून? शब्द दोघांच्याही तोंडी बसतो. या ओळीवर परिसंवाद झाले, परीक्षेत प्रश्न आले. महोत्सवात पन्नास रुपयांच्या खरेदीवर जी वाचनखूण फुकट मिळत होती, तिच्यावरही हीच ओळ छापली होती. सकाळपासून ती लोकांच्या हातात, पायाखाली, चहाच्या कपाखाली दिसत होती.

आणि ती माझ्या आईच्या अक्षरात माझ्या पिशवीत होती.

हेरवाड्यांच्या छापखान्यात आई मुद्रितशोधक होती. चौगुलेबाई म्हणून सगळे ओळखत. खिळे जुळवून छापलेल्या कच्च्या पानांवर चुका काढायच्या हे तिचं काम. एकवीस वर्षं केलं. तिच्या नजरेतून चूक सुटत नाही असं मालक बाहेरगावच्या लोकांना सांगायचे. मी वाचायला शिकले ती त्याच पानांवर. कादंबऱ्या, कीर्तनं, पंचांगं, लग्नपत्रिका, जे छापायला येईल ते मी आईच्या पाठीला पाठ लावून वाचलं. तिनं मला एक नियम फार लहानपणी शिकवला होता. पानावर जे छापायचं ते नुसतं लिहायचं. जी फक्त सूचना असेल, खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला, मालकाला, लेखकाला, तिच्याभोवती गोल काढायचा. गोलातलं छापायचं नाही.

ती गेल्यावर ट्रंक उघडली. साड्यांच्या तळाशी 'सातवं पेव'ची पहिली आवृत्ती होती आणि तिच्यात दुमडलेलं शेवटच्या पानाचं प्रूफ. समासात आईच्या दोन सूचना, 'वेलांटी पाहा' आणि 'ओळ वर घ्या'. दोन्हींभोवती गोल. आणि तळाशी आईच्याच अक्षरात, मी थांबू का? त्याला गोल नव्हता. खाली दुसऱ्या हाताचं, 'हो. छापा. स. ये.'

गोल नव्हता म्हणजे तो मजकूर होता. माझ्या आईनं कादंबरीला शेवट दिला, लेखकानं मंजूर केला आणि नंतर तोंडाला कुलूप लावलं. त्या दिवसापासून माझं कशात लक्ष लागत नव्हतं. जेवताना उठून कागद बघून यायचे. नवरा म्हणाला, "पद्मजा, किती वेळा बघशील? बदलणार आहे का त्यातलं?"

बारा वाजून गेले होते. रांगेत आठ-दहा माणसं उरली होती. मला चार वाजेपर्यंत दम निघेना. मी पिशवीतून आईची प्रत काढली, कोऱ्या चिठ्ठीवर 'शकुंतला चौगुले' लिहिलं आणि पुस्तक पुढे सरकवलं.

त्यांनी मान वर न करता विचारलं, "सौ. की श्रीमती?"

"कै.," मी म्हणाले.

पेन कागदाला टेकलेलं होतं. तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला. त्यांनी चिठ्ठी परत वाचली.

"छापखान्यातल्या चौगुलेबाई?"

"मी त्यांची मुलगी."

"कधी?"

"जानेवारीत. अकरा तारखेला."

"मला कुणी कळवलं नाही," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "मला कोण कळवणार म्हणा."

"ओ सर, लाईन पुढं सरकू दे की," मागून कोणीतरी ओरडलं. "जेवणाची वेळ झाली."

येडूरकरांनी आईचं पुस्तक सही न करता मिटलं आणि स्वतःच्या डाव्या हाताखाली ठेवलं. "तुमच्याशी बोलायचंय. मांडवाच्या मागं एखादी खोली आहे का?"

"शाळेचा वर्ग आहे. पुस्तकांची खोकी ठेवलीत तिथं."

"चालेल."

उरलेली माणसं मी कशी संपवली ठाऊक नाही. पुढच्याच चिठ्ठीवर 'सुप्रिया'ची वेलांटी चुकवली. त्यांनी न बोलता दुरुस्त केली.

वर्गात बाक एकावर एक रचलेले होते. दोन खाली उतरवून आम्ही समोरासमोर बसलो. आवटीकाका जेवणाची ताटं ठेवून गेले, जाताना माझ्याकडे डोळे मोठे करून बघितलं, म्हणजे म्हाताऱ्याला दमवू नकोस. दार लोटलं गेल्याबरोबर मी प्रूफ काढून बाकावर ठेवलं.

त्यांनी हात लावला नाही. चष्मा बदलला आणि वाकून पाहिलं.

"हे कुठं होतं?"

"आईच्या ट्रंकेत. साड्यांच्या तळाशी."

"म्हणजे ठेवलं त्यांनी."

"ठेवलं. आणि आयुष्यभर एका शब्दानं बोलली नाही. आता तुम्ही बोला. अक्षर तिचं आहे. खालचं 'हो. छापा.' तुमचं आहे. वाक्य तिनं सुचवलं, तुम्ही घेतलं. बक्षीस मिळालं तेव्हाही तुम्ही..." माझा आवाज चढला होता.

"सुचवलं?" ते म्हणाले. "बाईंनी सुचवलं असं वाटतं तुम्हाला?"

"त्याला गोल नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मुद्रितशोधकाची मुलगी," ते हळूच म्हणाले. "गोल नाही हे खरं. तोच सगळा घोटाळा झाला."

बाहेर मांडवात कोणीतरी माईक तपासत होतं. हॅलो, हॅलो, एक, दोन.

"शनिवार होता," येडूरकर सांगू लागले. "मी तेव्हा इथंच कॉलेजात शिकवत होतो, छापखान्यापासून दहा मिनिटांवर राहायचो. शेवटच्या पानांचा मोठा ताव, शेवटचा फर्मा, छापायचा राहिला होता. दुपारी मी निरोप दिला होता, की शेवटच्या पानात एक ओळ घालायचीय, ती घेऊन संध्याकाळी येतो. खरं म्हणजे ओळ सुचलीच नव्हती. पाच वाजता शिपाई हे पान घेऊन आला. बाईंनी खाली लिहिलं होतं, मी थांबू का? म्हणजे, तुम्ही येणार आहात तर मी थांबू का. एवढंच होतं ते. मी वाचलं, खाली 'हो' लिहिलं. आणि बाकीचं पान ठीक आहे म्हणून पुढं 'छापा' लिहिलं."

मी प्रूफकडे बघत होते. दोन शब्द. मधे एक टिंब.

"शिपायानं पान बाईंकडे द्यायचं ते सरळ कंपोझिटरला दिलं. बाईंना नुसतं तोंडी सांगितलं, सर हो म्हणालेत. त्यानं काय बघितलं? पानाच्या तळाशी एक ओळ, गोल नाही. तिच्याखाली लेखकाचं 'हो. छापा.' एक ओळ येणार आहे हे त्याच्या कानावर होतंच. त्यानं जुळवली आणि यंत्रावर दिली."

"आई असं करणार नाही. ती गोल विसरणार नाही."

"हेरवाडेही तेच म्हणाले असते. पण विसरल्या. घाईत असतील."

"आणि तुम्ही?"

"माझ्याकडे मित्र आले. चहा झाला, गप्पा झाल्या. मी गेलो आठला." त्यांनी ताटातली पोळी बोटानं बाजूला केली. "छापखान्यात बाई एकट्या बाकावर बसल्या होत्या. पायात चपला घालून. शिपाई म्हणाला, सहा वाजल्यापासनं अशाच बसल्यात, सरांनी हो म्हटलंय म्हणून. घरी त्यांची लहान मुलगी होती, शेजाऱ्यांकडे ठेवलेली. तुम्हीच असाल."

बाबा तेव्हा साखर कारखान्यावर, हंगामात घरी नसायचे. शेजारच्या मावशींच्या ओट्यावर बसून आईची वाट बघितल्याच्या संध्याकाळी पुष्कळ होत्या. त्यातली ही कुठली, ते कसं सांगणार?

"छापलेला फर्मा आम्ही दोघांनी एकदमच बघितला," ते म्हणाले. "बाईंचा चेहरा पांढरा पडला. म्हणाल्या, मालकांना सांगू नका, मला ठेवणार नाहीत. मी म्हटलं, नाही सांगत. मला वाटलं, दुसऱ्या आवृत्तीत काढून टाकू. मग एका मासिकात परीक्षण आलं. शेवटच्या ओळीनं अंगावर काटा आला, असं लिहिलं होतं. मग दुसरं आलं. मग बक्षीस."

"तुम्ही घेतलंत."

"घेतलं. लोक विचारायचे, हे कोण म्हणतं? मी म्हणायचो, वाचकांवर सोडलंय. मोठा गूढ लेखक झालो मी त्या उत्तरानं. मला माहीतच नव्हतं हो, कोण म्हणतं ते!" ते हसायला गेले पण जमलं नाही. "दोनदा खरं सांगायचं ठरवलं. दोन्ही वेळा आधी बाईंना विचारायला आलो. पहिल्यांदा त्यांनी हात जोडले. दुसऱ्यांदा, त्या निवृत्त झाल्यावर, म्हणाल्या, 'माझ्या हातनं चूक सुटत नाही असं गावात म्हणतात. एक सुटली, ती तुमच्या पुस्तकात झाकून आहे. राहू दे की.'"

म्हणजे आईनं तो कागद जपला होता तो आपली चूक म्हणून. मी तिचं श्रेय समजून पाच आठवडे उराशी धरून हिंडत होते.

"चार वाजता मी सांगतो," येडूरकर म्हणाले. "तुम्ही म्हणाल ते. ओळ चौगुलेबाईंची होती, त्यांनी सुचवली, असंही सांगेन. त्यांचं नाव होईल. मला आता काय गमवायचंय? कुन्नूऱ्यांची बासष्ट पानं जातील एवढंच."

मी उठले. खिडकीशी गेले, परत आले. खोक्यांवरून हात फिरवला. कशावर तरी चिडायचं होतं आणि समोर एक म्हातारा माणूस पोळी न खाता बसला होता.

"तुम्हाला काय वाटलं होतं?" मी विचारलं. "तिला थांबायचं होतं?"

"त्यांनी तसंच विचारलं होतं. थांबू का म्हणून."

"थांबायचं असलं की माणूस असं विचारत नाही. थांबायचं असलं की म्हणतो, मी थांबते. 'थांबू का' विचारतो तो समोरच्यानं 'नको' म्हणावं म्हणून."

ते माझ्याकडे बघत राहिले. "हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी विचारलंय."

जे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं ते तिथं सांगितलं. दहा जानेवारी, मिरजेचं हॉस्पिटल, संध्याकाळचे सहा. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीचा, ऋचाचा, दहावीच्या सराव परीक्षेचा पेपर होता. पर्स खांद्याला अडकवून झाली होती. डबा पिशवीत भरून झाला होता. दाराच्या मुठीवर हात ठेवून मी विचारलं, "आई, मी थांबू का गं?" ती माझ्याकडे जरा वेळ बघत होती. खांद्यावरच्या पर्सकडे बघितलं. मग म्हणाली, "नको. जा तू. पोरगी वाट बघत असेल." मी निघाले. इतकी लगेच निघाले, की जिना उतरताना माझी मलाच लाज वाटली. पहाटे फोन आला.

बाहेर स्पीकरवर कोणाची तरी हरवलेली छत्री सापडल्याची सूचना झाली.

"त्यांना कळलं होतं," येडूरकर म्हणाले.

"हो."

"आणि मी 'हो' लिहिलं. क्षणाचाही विचार न करता."

मी प्रूफ उचललं आणि जुन्याच घड्यांवर दुमडलं. "चार वाजता तिचं नाव घेऊ नका. सुचवलं म्हणून नको आणि चुकली म्हणूनही नको. तिनं झाकून ठेवलंय ते."

"मग कुन्नूऱ्यांना काय सांगू?"

"तुम्ही लेखक आहात," मी म्हणाले. "ते मी कसं सांगणार?"

चार वाजता मांडव भरला होता. आवटीकाकांनी मला मागच्या रांगेत त्यांच्या शेजारी बसवलं, पाहुण्यांनी पाणी मागितलं तर धावायला. पहिला प्रश्न कुन्नूऱ्यांचाच होता. त्यांनी आधी पाच मिनिटं स्वतःचं चौथं प्रकरण सांगितलं आणि मग विचारलं, "तर सर, ते अखेरचं वाक्य कोणाचं? मलाप्पाचं की गंगव्वाचं?"

येडूरकरांनी माईक जवळ ओढला.

"आजपर्यंत हा प्रश्न मी टाळला. कारण मला उत्तर माहीत नव्हतं."

लोक हसले.

"आज दुपारी कळलं."

लोक अजून जोरात हसले. ते हसणं संपेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.

"ते बाईचं वाक्य आहे. वर दोर धरून उभी आहे तिचं. आणि तिला थांबायचं नाहीये. घरी तिची कोणीतरी वाट बघतंय. तरीही विचारल्याशिवाय ती जाणार नाही, तशी ती आहे. खालच्यानं फक्त एवढंच म्हणायला हवं होतं, की नको, तू जा. पण त्याला तिचं घर दिसलंच नाही. तो आपल्याच शेवटात गुंतलेला होता."

कुन्नूरे अजून उभेच होते. "पण सर, खालच्यानं असं काही म्हटल्याचं कादंबरीत कुठंच नाही."

"नाही ना. मी लिहिलं नाही," येडूरकर म्हणाले. "ती चूक माझी आहे. बाईंची काही चूक नाही. हे नीट लिहून घ्या. बाईंची काही चूक नव्हती."

"बाई म्हणजे गंगव्वा ना सर?" कुन्नूरे वहीत लिहिता लिहिता म्हणाले.

"बाई म्हणजे बाई," येडूरकर म्हणाले आणि पाण्याचा पेला उचलला.

आवटीकाका माझ्या कानाशी वाकले. "म्हातारा भरकटला गं आज. दुपारी जेवले नाहीत वाटतं नीट. उठवू का त्यांना?"

"नको काका," मी म्हणाले. "नीट बोलताहेत ते. बोलू दे."